यंदा गणपतीला येत नाहीये

सॅन अँटोनिओ, टेक्सास

ती. आई-बाबा, सा. नमस्कार.

फोनवर आईचा आवाज बदलला की मी गडबडते, म्हणून लिहितेय. यंदा गणपतीला येत नाहीये. रजा मिळाली, पण ती ग्वाटेमालातल्या अँटिग्वा गावात स्पॅनिश शिकण्यात जाणार. फी भरली, तिकीट काढलं. रागवा, पण आधी पूर्ण वाचा.

या शहरात जवळजवळ दोन तृतीयांश लोक हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या मुळांचे. आमच्या दवाखान्यात पेशंटसाठी फोनवर दुभाषी मिळतो, कायद्यानं द्यावाच लागतो. पण आजीबाई फोनकडे बघून नुसतं "सी, सी" (हो, हो) म्हणतात, गोळ्या खरंच घेतात का ते कळत नाही. मग सोबतची लहान नात दुभाषी व्हायला पुढे सरसावते. जिवावर बेतल्याशिवाय लहान मुलांकडून ते काम करून घेता येत नाही, आणि घेऊही नये. आजीच्या छातीतल्या गाठीचं त्या पोरीनं का सांगायचं?

अँटिग्वात एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी बसवतात, राहायचं तिथल्याच कुटुंबात. नुसती भाषा नाही हो. इथे सॅन अँटोनिओत तान्ह्याला 'माल दे ओहो', म्हणजे दृष्ट, लागू नये म्हणून मनगटात लाल दोरा बांधतात. आई, तू मीठ-मोहऱ्या ओवाळून माझी दृष्ट काढायचीस, त्यामुळे दोऱ्याचं मला काही वाटत नाही. पण बाळाचं पोट धरलं की काही घरांत 'ग्रेटा' नावाची पिवळी-नारिंगी पूड देतात, त्यात चक्क शिसं असतं! दरडावून विचारलं तर कोण कबूल करणार? ते विचारायचं कसं, हे शिकायचंय.

जेवणाची काळजी नको. काळ्या घेवड्याची उसळ, मक्याच्या गरम भाकऱ्या, भात. हवा महाबळेश्वरसारखी, पाऊस असेल, छत्री घेतलीय. बाबा, तुम्ही नकाशा काढाल आणि फ्युएगो ज्वालामुखी दिसेल. धुमसतो, खरंय, पण गावापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे आणि मी चढायला जाणार नाही. आईला व्हिडिओ दाखवू नका.

माझे वाकड्या कळ्यांचे मोदक बाबा आधी आपल्या ताटात ओढायचे. यंदा तेवढे चुकतील.

आई, खाली बसून मोदक वळायचे नाहीत, गुडघा आठव. काकूला बोलाव. बाबा, मोदक दोनच. मूर्ती स्कूटरवर आणायची नाही, चिन्मयला गाडी घेऊन पाठवा. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडायची नाही. आणि शुगरच्या रिपोर्टचा फोटो उजेडात काढा, गेल्या वेळी आकडेच दिसत नव्हते.

तुमची,
मनू