गुंता सापडला, पण ऑपरेशन कधी हा पहिला प्रश्न नव्हे

महोदय,

डोकेदुखीसाठी एमआरआय काढला आणि मेंदूत रक्तवाहिन्यांचा न फुटलेला गुंता, म्हणजे एव्हीएम निघाला, की नातेवाईक लगेच ऑपरेशनची तारीख विचारतात. भीती समजण्याजोगी आहे. पण २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 'अरुबा' चाचणीचे आकडे पाहावेत. सुमारे ३३ महिन्यांत पक्षाघात किंवा मृत्यू केवळ औषधांवर ठेवलेल्यांपैकी १०.१ टक्क्यांना आला, तर शस्त्रक्रिया, एम्बोलायझेशन (बारीक नळीतून गुंत्यातल्या रक्तवाहिन्या आतून बुजवणे) किंवा रेडिएशन घेतलेल्यांपैकी ३०.७ टक्क्यांना. फरक एवढा, की नवे रुग्ण घेणे मध्येच थांबवावे लागले.

तरीही हा निकाल सरसकट सगळ्यांना लावणे मला पटत नाही. पंचविशीतल्या रुग्णापुढे रक्तस्रावाच्या धोक्याची पुढची पन्नास वर्षे असतात, तिथे ३३ महिने किती पुरणार? शिवाय त्या चाचणीत निव्वळ शस्त्रक्रिया झालेले रुग्ण मोजकेच होते, आणि पृष्ठभागाजवळच्या लहान गुंत्यांसाठी तर तोच उपाय अनेक सर्जन सुचवतात. सत्तरीतल्या माणसाचा हिशेब अर्थातच निराळा.

म्हणून डॉक्टरांनी गुंत्याचा आकार, जागा, त्यातले रक्त खोल शिरांत जाते का, हे सांगावेच. आपल्या हातून झालेल्या अशा उपचारांचे निकालही न विचारता सांगावेत.

– एक वाचक, सांगली