चोपण पाण्याच्या भरवशावर राहू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गावात विहिरी उपसण्याचं चाललंय. आमच्या विहिरीच्या तळाशी जुन्या मऊ नळ्या आणि रेक्झिनचे तुकडे सापडले. शेजारचे काका म्हणाले, "मास्तर, राहू दे की. आपलं पाणी खारपड, त्यात प्लॅस्टिकचं विष आपोआप जिरतंय." आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे ऐकून गप्प बसवेना.

काकांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. पीव्हीसी हे प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी त्यात थॅलेट नावाची रसायनं मिसळतात. ती प्लॅस्टिकला पक्की जोडलेली नसल्याने हळूहळू बाहेर झिरपतात. (बोअरच्या कडक पाइपात ती जवळजवळ नसतात, पाणी मारायच्या मऊ नळीत भरपूर.) थॅलेट हे एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेलं रसायन), आणि एस्टर अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या चोपण पाण्यात, तुटतं. तेलात कॉस्टिक घालून साबण करतात, तीच ही क्रिया. पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप; 7 च्या वर अल्कली) एका अंकाने वाढला की तिचा वेग दहापट होतो. नुसत्या खारटपणाने मात्र काही होत नाही, सामूच पाहावा लागतो.

माझ्या विहिरीचा सामू 8.4 आला. 30 अंश तापमान धरून हिशोब केला. डायमिथाइल थॅलेट हे लहान रेणूचं थॅलेट निम्मं व्हायला दीड महिना पुरतो. पण मऊ नळ्यांत वर्षानुवर्षं वापरलेलं डीईएचपी हे मोठ्या रेणूचं थॅलेट निम्मं व्हायला सुमारे 80 वर्षं लागतात! सामू 7 असता तर 2000. त्याच्या लांब, फाटे फुटलेल्या साखळ्या अल्कलीला जवळ येऊ देत नाहीत. शिवाय ते पाण्यात फारसं विरघळत नाही, गाळाला चिकटून बसतं. हवेशीर पाण्यातले जिवाणू ते बरंच लवकर फोडतात, पण विहिरीच्या तळाच्या गाळात प्राणवायू कुठला? आणि अर्धवट तुटलेलं डीईएचपी निरुपद्रवी नसतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत वृषणांना इजा करणारं म्हणून तेच ओळखलं जातं.

बेळगाव, चिकोडी, अथणी, रायबाग भागातल्या शेतकरी बंधूंना हात जोडून सांगतो, नळ्या विहिरीत, ओढ्यात टाकू नका. जाळूही नका, पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन असतं. पंचायतींनी पावसाआधी एक दिवस ठरवून गल्लोगल्ली गाडी फिरवावी. आम्ही काढलेली नळी गोठ्यामागे गुंडाळून ठेवली आहे, गाडी आली की पहिली तीच देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. चिकोडी, जि. बेळगाव