बंड्यास, बॉस्टनहून

बंड्या लेका,

आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच. आठ महिने झाले फोन नाही की काही नाही, तुझे तीन व्हॉइस मेसेज तसेच पडलेत, ऐकले की उत्तर द्यावं लागतं म्हणून ऐकलेच नाहीत. माझी शुगर थोडी वर, गोळी चालू. आईचे गुडघे आहेत तसेच. झालं.

परवा आईला घेऊन नदीवर गेलो होतो. नदी म्हणजे आमची चार्ल्स, तिच्या काठाने एस्प्लनेड नावाची तीनेक मैल लांब बाग आहे. आप्पा गेल्यावर आई आली तेव्हा पहिल्या थंडीत ही नदी गोठलेली बघून म्हणाली होती, वाहत नाही ती कसली रे नदी, आणि जी घरात बसली ती पार एप्रिलपर्यंत. पाडवासुद्धा हीटरसमोर. मग काठावरच्या चेरी फुलल्या तेव्हा कुठे बाहेर पडली, आणि पहिल्याच दिवशी ते कॅनडाचे हंस फिसकारत अंगावर आले, तर हिने छत्री उगारून 'हाड' केलं त्यांना! मराठी समजलं त्यांना, खोटं नाही सांगत.

त्यानंतर मात्र चटकच लागली तिला. उन्हाळ्यात रात्री साडेआठपर्यंत उजेड, लाकडी धक्क्यावर शिडाच्या होड्या बघत बसायची, पोहायला बंदी आहे म्हटल्यावर तिला हसूच आवरेना, नदी कशाला मग, शोभेला? तिथे एका संगीतकाराचं भलंमोठं मुंडकं आहे, अॅल्युमिनियमच्या चकत्या एकावर एक रचून केलेलं, नुसतं डोकं, धड नाही. आर्थर फीडलर त्याचं नाव, पण आई म्हणते म्हसोबा. येता जाता हात जोडते. ऑक्टोबरात सगळी झाडं लाल पिवळी झाली की वरच्या अंगाला वल्ह्याच्या होड्यांची शर्यत असते, 1965 पासूनची, ती बघायला डबा घेऊन गेलो होतो आम्ही, आणि आईने शेजारच्या गोऱ्या बाईला धपाटा खायला घातला. ती बाई आता दिसली की मिठी मारते. मला दहा वर्षांत इथे कुणी मिठी मारली नाही.

तर परवा. पारा उणे आठ. मी म्हटलं नको, तर स्वतःच बूट घालून दारात उभी. म्हणे माघ लागला, तिकडे वाईला घाटाघाटावर उत्सवाची कृष्णाबाई बसेल, मी काय घरात बसू? धक्क्याच्या टोकाला गेली, खांबाजवळ बर्फ पातळ होता, काचेसारखा, आणि त्याखालून हवेचा एक बुडबुडा सरकत सरकत चालला होता. हातमोजा काढून बोट दाखवलं तिने. "बघ, खालून चालूच आहे की."

आणि लगेच, त्याच दमात, "दादाला कळव, वाईचं घर विकून टाक म्हणावं."

बंड्या, मला काय झालं सांगू. दादा तीन वर्षं मागे लागलाय, गिऱ्हाईक आहे, कागद तयार आहेत, आणि मी दर वेळी एकच सांगतो, आईचा जीव आहे रे त्या घरात, ती असेपर्यंत नको. आता आईच म्हणते विका! म्हटलं अगं घाट, सकाळची आंघोळ, तुझा कडीपत्ता? तर म्हणे मला नदी लागते, ती इथे आहे, कडीपत्ता दुकानात मिळतो. आणि वर, तुला हवंय तर तुझं नाव घेऊन सांग ना, माझ्या नावावर काय खपवतोस.

दोन रात्री झोप नाही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, चांगलंच आहे, फेडून टाकू लोन. तिचं बरोबरच आहे, ती नागपूरची. तिला कसं कळणार, मागच्या दारातून अंगावर टॉवेल टाकून निघायचं आणि तू आधीच पाण्यात. तुझ्याशी त्या घाटावरच्या ढोल्या गणपतीच्या देवळावरून झालेलं भांडणपण त्याच दारात. तू अजून होडीच म्हणत असशील. मत्स्याकार आहे ती मागची भिंत, गाढवा, पुराचं पाणी दुभंगावं म्हणून. 1762 साली गणपतराव रास्त्यांनी काय तुझ्या होडीसाठी बांधली का? भेळेचे पैसे बाकी आहेत.

मी शेवटचा त्या घरात झोपलो कधी? आप्पांच्या तेराव्याला. त्याआधीचं तर आठवतसुद्धा नाही. राहणार कोण तिथे, मी? रिटायर होऊन येतो असं तुलाही दर वेळी सांगतो, तू हसतोस, मला राग येतो.

बरं, तुझ्या पोरीची बारावी ना यंदा? मन लावून कर म्हणावं. दुकानाचं छत झालं का? वहिनीला नमस्कार, तिच्या हातची गवारीची भाजी मागे खाल्ली ती अजून आठवते.

एक काम कर. मागच्या दाराची किल्ली तुझ्याकडे आहे ना, दादा मागायला आला तर सापडत नाही म्हण. महिनाभर तरी. आणि आईचा फोन आला तर मी असं काही सांगितलंय हे बोलू नकोस, ती मला धक्क्यावरून ढकलून देईल.

तुझा,
बाळ्या