बक्षिसाची नावं कापू नका : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सप्रेम जय भीम.

माझ्या घरी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात गाण्यांच्या कार्यक्रमांच्या 63 कॅसेटी आहेत. त्या मधलं काहीही न कापता जपल्या जाव्यात, यासाठी हे लिहितो आहे. माझ्या बाबांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी या यवतमाळ जिल्ह्याच्या पट्ट्यात जयंती असो, लग्न असो, सप्ताह असो, भोंगे बांधायला बाबाच जायचे. दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, दोन माईक, बारा व्होल्टची बॅटरी आणि वायरचं भेंडोळं. एवढा संसार बैलबंडीत टाकून ते निघायचे आणि बॅटरी मांडीवर धरायला मला सोबत न्यायचे. पुढे त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला आणि आवडत्या गायकाचा कार्यक्रम असला की अॅम्प्लिफायरच्या शेजारी तो ठेवून भरून घ्यायला लागले. विकण्यासाठी नाही. घरी येऊन मायला ऐकवण्यासाठी, कारण चार लेकरं सोडून तिला रात्री बाहेर पडता यायचं नाही.

त्यांचे आवडते गायक म्हणजे आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डक. 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मलेला हा माणूस शाळेत गेला नाही. मोठेपणी मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं जुळवायला शिकला आणि मग आयुष्यभर गाणी लिहीत, गात महाराष्ट्रात गावोगाव फिरला. 15 मे 2004 ला दादा गेले. ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकलं, त्यांतली बरीच माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. या पत्राची घाई आहे ती त्यासाठी.

मी दादांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाचवीत होतो. एप्रिलचा महिना. आमच्याकडे एप्रिलात दिवेलागणीलाही जमीन तापलेली असते, म्हणून बाया दुपारपासून चौकात पाणी शिंपायच्या. पंचशील झेंड्याच्या बाजूला दोन बंड्या जोडून त्यावर तक्ते टाकले होते, तो मंच. भोंगे कडुलिंबाच्या दोन फांद्यांना बांधलेले, एकाचं तोंड गावाकडे, एकाचं शेताकडे. जागलीवर गेलेल्यालाही ऐकू आलं पाहिजे, असा बाबांचा नियम होता. माणसं बोरे, तरटं, गोधड्या घेऊन येत. पाच-सात कोसांवरून बंड्या यायच्या आणि बैल तिथंच सोडून चाऱ्याला लावले जायचे.

आधी स्थानिक गायनपार्टी झाली. पेटी, ढोलकी, बेंजो आणि मागे कोरसला तिघं पोरं. मग दादा उभे राहिले. मला वाटलं होतं मोठा आवाज येईल, बाबांनी तर भीतीनं व्हॉल्यूम आधीच कमी करून ठेवला होता. पण त्यांनी पहिली ओळ जवळजवळ बोलल्यासारखी म्हटली. बाबांनी हळूहळू बटण वर सरकवलं. सगळा चौक पुढे झुकला. माझ्या शेजारी बसलेला एक म्हातारा ओळ संपायच्या आधीच मान हलवत होता, पुढं काय येणार ते त्याला ठाऊक असल्यासारखा. हे मी नंतर खूप कार्यक्रमांत पाहिलं. लोक गाणं ऐकायला यायचे ते पाठ असलेलंच गाणं ऐकायला यायचे, आणि तरी दर वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्या रात्रीची कॅसेट माझ्याकडे आहे. नव्वद मिनिटांची, बाजूला पंचेचाळीस. नव्वदची पट्टी साठच्यापेक्षा पातळ असते. इतकी वर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उतरतो. म्हणून आता ती लावली की गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी त्याच ओळीची पुसट सावली ऐकू येते, आणि मग खरी ओळ. दर पावसाळ्यात ही सावली थोडी गडद होते आणि खरा आवाज थोडा मागे जातो. काही कॅसेटींना बुरशी लागली आहे, मी कापसाच्या बोळ्यानं पुसतो. दोन कॅसेटींची पट्टी चिकटून तुटली. ती मी जोडली, पण जोडाच्या जागचे दोन शब्द गेले ते गेलेच.

साहेब, आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो.

त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, गाणं चालू असतानाच, ढोलकी जरा थांबते आणि माईकवरून एक माणूस ऐकणाऱ्यांनी गायकाला दिलेली बक्षिसं वाचू लागतो. अमुक गुरुजींकडून पाच रुपये. अमुक मंडळाकडून अकरा. आणि मग एका बाईचं नाव येतं, एक रुपया. वाचणारा तिचं नाव चुकीचं वाचतो, खालून बाया ओरडतात, तो दुरुस्त करून पुन्हा वाचतो. मग टाळ्या. गुरुजींच्या पाच रुपयांना नव्हत्या इतक्या टाळ्या.

ती बाई आमच्याच वस्तीतली. रोजानं निंदणाला, कापूस वेचायला जायची. तो रुपया तिनं लुगड्याच्या टोकाला गाठ मारून आणला होता. वारल्याला आता बरीच वर्षं झाली. तिचं नाव इथं लिहीत नाही, तो तिच्या घरच्यांचा मान आहे. तिची नात दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी आली होती, तिला मी हा तुकडा ऐकवला. आजीचा एकही फोटो त्या घरात नाही. नातीनं तो तुकडा चार वेळा लावायला लावला. पाचव्या वेळी म्हणाली, "दादा, आजीचं नाव भोंग्यावर वाजलं होतं, हे मले कोनं सांगतलंच नाही."

वामनदादांची गाणी छापून आली आहेत, पुढेही छापली जातील. लोककलावंतांसाठी शासन काही करतच नाही, असं मी म्हणणार नाही. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना मानधन मिळतं, त्या मानधनावर औषधपाणी करणारे दोन शाहीर माझ्या ओळखीचे आहेत. पण ही सगळी व्यवस्था मंचावरच्या माणसासाठी आहे. तक्त्याखाली बोऱ्यावर बसलेल्या माणसाची नोंद कुठंच नाही. आणि आमच्याकडचा कार्यक्रम त्याच्यावाचून व्हायचाच नाही. गायक गावाचं नाव ओळीत गुंफायचा. खालून फर्माईश आली की क्रम बदलायचा. सामना असला तर समोरच्या पार्टीनं केलेल्या सवालाला तिथंच उभ्याउभ्या जवाब जुळवायचा. पुस्तकात यातलं एकच रूप येतं.

मागच्या वर्षी मी फावल्या वेळात आसपासच्या गावांत फिरलो, मोबाइलवर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी भरून घेतल्या. एकाच गाण्याचं एकच कडवं तीन गावांत तीन तऱ्हेनं ऐकलं. एक आजी ठासून म्हणाली, "असं नोहोतं बाबू ते. मी पुढच्या रांगेत होती." ती म्हणते ते रूप माझ्या एका कॅसेटवर तंतोतंत आहे. तिनं ते एकदाच ऐकलं होतं. काही घरांत गाण्यांच्या वह्या निघाल्या. शाळेच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर शिसपेन्सिलीनं ऐकून उतरवलेली गाणी, वर गावाचं नाव, तारीख, आणि एका ठिकाणी "पाऊस आल्यामुळे अर्धे राहिले". ही वही एका भांड्यांच्या फळीवर होती, कडा उंदरांनी खाल्लेल्या.

हे सगळं कुणाच्या तरी हवाली करावं म्हणून मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेलो. माणसं चांगली बोलली. पण कॅसेट वाजवायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. पेनड्राइव्हमध्ये आणा, म्हणाले. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सांगण्यात आलं की गाण्यांचे तुकडे तेवढे काढून आणा, मधलं बोलणं, गोंगाट, बक्षिसं नकोत, फाइल मोठी होते. मी परत आलो. त्या साहेबांना मी दोष देत नाही, त्यांना कुणी वेगळं सांगितलेलंच नसेल. ते आपण सांगावं, एवढ्यासाठी हे पत्र.

26 नोव्हेंबर 2010 ला शाहीर विठ्ठल उमप नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. बातमी आली त्या रात्री बाबांनी त्यांची एक कॅसेट लावली, आणि मी पहिल्यांदा बाबांना माईकशिवाय गाताना ऐकलं. बाबा पुढे चार वर्षांनी गेले. आमच्याकडे त्यांचाही आवाज फक्त कॅसेटींवरच आहे, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, एक दोन तीन" एवढाच. हा गोंगाट कापा म्हणतात तेव्हा माझ्या पोटात कालवतं, ते त्यामुळेही असेल. मी लपवत नाही.

तेव्हा विनंती अशी आहे. विदर्भातल्या तालुक्या-तालुक्यात एक गाडी पाठवा. तिच्यात चांगल्या अवस्थेतला कॅसेट प्लेअर, पट्टी साफ करणारा जाणता माणूस आणि वह्यांचे फोटो काढायची सोय असावी. कॅसेट मालकाच्या समोर उतरवून घ्यावी आणि तिथंच परत द्यावी, कारण लोक या वस्तू सोडणार नाहीत आणि सोडूही नयेत. गाण्यांच्या हक्काबद्दल कवींच्या वारसांची परवानगी आधी घ्यावी, त्यांना डावलून काही होऊ नये. आणि जिथं कॅसेट निघेल तिथं त्या रात्री हजर असलेल्या दोन-चार माणसांना बसवून ती ऐकवावी व ती काय बोलतात ते भरून घ्यावं. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, अमरावतीला आणि नागपूरला विद्यापीठं आहेत, मराठी शिकणारी आमच्याच गावांतली पोरंपोरी तिथं आहेत. त्यांना हे काम द्या. झाडीपट्टीकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत खडी गंमत आणि दंडार या लोकनाट्यांच्या बाबतीतही हेच करावं लागेल, तिकडच्या माणसांना विचारा, ते माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

एक गोष्ट मात्र लेखी आदेशात यावी. कॅसेट पहिल्या "हॅलो"पासून शेवटच्या खटक्यापर्यंत अख्खी उतरवावी. बक्षिसाची नावं कापू नयेत.

तशीच रात्र आता पुन्हा भरवू म्हटलं तर अवघड आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला स्पीकर बंद होतो. राज्य शासन वर्षातले फार तर 15 दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. मी हाच धंदा करतो, नियम पाळतो, आजारी माणसाला झोप मिळाली पाहिजे हे मला पटतं. पण म्हणजे ती पहाटेपर्यंतची गाणी आता या पट्ट्यांवरच उरली आहेत.

पेटी मी आतल्या खोलीत, चुलीपासून आणि भिंतीच्या ओलीपासून लांब, विटांवर ठेवली आहे. तीन कॅसेटींवर बाबांनी काही लिहिलेलं नाही, गाव कोणतं ते मला ओळखता येत नाही. पुढच्या रांगेत बसलेली ती आजी म्हणते, ऐकलं की सांगीन. तिला आता घराबाहेर नेता येत नाही, आणि कॅसेट प्लेअरची मोटर माझ्याकडे बिघडली आहे. गाडी पाठवाल तर मृगाच्या आधी पाठवा.

आपला,
एका लाउडस्पीकरवाल्याचा मुलगा
ता. दारव्हा, जि. यवतमाळ