ट्रेलर ओढायचा तर गिअरबॉक्सही पाहा

महोदय,

बोटीचा ट्रेलर ओढण्यासाठी पिकअप घेऊ पाहणारे आपल्या गोव्यातील ग्राहक शोरूममध्ये केवळ अश्वशक्ती विचारतात, हे खटकते. टोयोटा हायलक्सचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन भारतात मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत ४२०, तर ऑटोमॅटिकसोबत ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (ओझे ओढताना लागणारा, फिरवण्याचा जोर) देते, म्हणजे इंजिन तेच असूनही आकडा बदलतो. चोर्ला घाटाच्या चढणीवर ओझ्यासह संथ चालताना ऑटोमॅटिकच्या टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोचवणाऱ्या भागातले) तेल तापते, म्हणून ते थंड ठेवणारा कूलर पुरेसा हवा; आणि उतारावर (खरी परीक्षा तिथेच) खालच्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी रोखून धरली नाही, तर सारा भार ब्रेकवर येऊन ते तापून निकामी होऊ शकतात. विक्रेत्यांनी ट्रेलरसह चालणारे कमाल वजन माहितीपत्रकात ठळकपणे छापावे.

– एक वाचक, वास्को