कान्हेरी म्हणजे फक्त तिसरे लेणे नव्हे

मा. संपादक,

बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांची बहुतेक वर्णने सातवाहनांपासून सुरू होतात आणि तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहातच (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहातच) आटोपतात. पर्यटकही तिथे फोटो काढून परत फिरतात. या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत आणि विहार म्हणून ती मध्ययुगापर्यंत नांदती होती. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, थेट गौड देशातून (बंगालातून) आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने इथे शंभर द्रम्मांची (त्या काळच्या नाण्यांची) अक्षयनीवी ठेवल्याचा शिलालेख आहे. म्हणजे मूळ रक्कम जपायची आणि व्याजावर भिक्षूंचा खर्च भागवायचा.

खरी गंमत वर, ९० क्रमांकाच्या लेण्यात. तिथे अष्टमहाभयांतून तारणारा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे आणि त्याच लेण्यात पारशी प्रवाशांचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषा-लिपीतले, लेखही. त्यांवरची साले पारशांच्या यज्दगर्दी कालगणनेतली: सन ३७८ आणि ३९०, म्हणजे १० ऑक्टोबर व २४ नोव्हेंबर १००९ आणि ३० ऑक्टोबर १०२१. मजकूर साधा आहे: दिवस, महिना, साल, आणि आलेल्यांची नावे बापाच्या नावासह. पारशांच्या भारतातल्या वास्तव्याचा इतका जुना, तारीखवार पुरावा क्वचितच सापडतो. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी चैत्यगृहाचेच चर्च केले.

हे लेख टिकवायचे तर खडूचा मोह आवरला पाहिजे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून काहीजण खाचांत खडू भरतात. इथला दगड ज्वालामुखीय ब्रेशिया, म्हणजे तुकडे सांधून बनलेला खडक, कठीण बेसॉल्टासारखा एकजीव नाही. खडू पुसताना सुटे कण निघतात आणि उथळ खाच आणखी उथळ होते. त्याहून वाईट म्हणजे खडू भरणाऱ्याचा अंदाजच दगडावर उमटतो आणि पुढचा वाचणारा नैसर्गिक भेगेलाही अक्षर समजतो. पहलवीत हा धोका दुप्पट, कारण तिथे व, न आणि र यांना एकच चिन्ह चालते. त्याऐवजी टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरावी, आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा न हलवता फोटो घ्यावा. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेली खाच त्या फोटोत नीट दिसत नाही, म्हणून तिन्ही फोटो ताडून पाहूनच वाचन ठरवावे. पाणी शिंपडू नये.

नावे कोरणाऱ्यांना ‘पारशांनीही कोरलीच की’ असे म्हणायची सोय नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार आज त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे.

पुरातत्त्व खात्याला विनंती एवढीच: ९० क्रमांकापाशी या लेखांचे रेखाटन आणि मराठी वाचन ठळकपणे लावावे. पर्यटकांनीही सकाळी आधी वरची लेणी पाहून चैत्यगृह उतरताना घ्यावे, दुपारी वरचा उघडा कातळ भाजून काढतो. पाणी बरोबर ठेवावे. आणि सोमवारी जाऊ नये, लेणी बंद असतात.

– लेणीअभ्यासक, बोरिवली