थंडीचा इशारा आणि पहाटेची लाईट : ऊर्जामंत्र्यांना खुलं पत्र

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

थंडीबद्दल तक्रार करायची तर हवामान खात्याकडे करावी, नाहीतर कृषिमंत्र्यांकडे. हे पत्र चुकून आपल्याकडे आलं असं आपल्या कार्यालयात कुणाला वाटेल. चुकून आलेलं नाही.

मी निफाड तालुक्यातली शेतकरी. दोन एकर द्राक्षबाग, नाल्यापलीकडे दीड एकर गहू आणि कांदा. मागच्या एका हिवाळ्यात माझ्या मोबाईलवर एकाच दिवशी दोन निरोप आले. सकाळी जिल्ह्याला थंडीच्या लाटेचा यलो अलर्ट : रात्री आणि पहाटे घराबाहेर पडणं टाळा, म्हाताऱ्या माणसांना जपा. संध्याकाळी गावच्या ग्रुपवर शेतीच्या लाईटचं वेळापत्रक. बागेच्या फीडरला, म्हणजे तिथे वीज आणणाऱ्या वाहिनीला, त्या आठवड्यात दिवसाची पाळी, साडेआठपासून आठ तास. पलीकडच्या फीडरला रात्रीची, दहा तास.

आता हे कसं जमवायचं ते सांगा. बागेला पाणी हवं होतं पहाटे चारला, तेव्हा मोटारीला लाईट नव्हती. गव्हाला पाणी दुपारी दिलं असतं तरी चाललं असतं, त्याची लाईट आली रात्री साडेनऊला. नवरा फावडं, बॅटरी आणि कानटोपी घेऊन गव्हात उभा राहिला. वाफा भरला की दुसऱ्यात पाणी वळवायचं, तो भरला की तिसऱ्यात. पायात बूट घालून चालत नाही, चिखलात रुततात. ‘ऑटो स्विच बसवा, लाईट आली की मोटार आपोआप चालू होते’ असं सांगणारे साहेब भेटतात. मोटार आपोआप चालू होते, पाणी आपोआप वळत नाही. बांधावर बिबट्या असेल ही भीती वेगळीच, ऊस जवळ असलेल्या प्रत्येक गावात ती आहे.

आणि मी बागेत उसाचं पाचट, भुसा, जुनी लाकडं, जे सापडेल ते पेटवत फिरत होते. पाचट थोडं ओलं लागतं, म्हणजे धूर जास्त होतो आणि बागेवर पांघरुणासारखा राहतो. पण दोन एकराला शेकोट्या किती पुरणार? साडेआठला लाईट आली तेव्हा ऊन पडलं होतं. मण्यात पाणी उतरलेलं असताना, म्हणजे मणी पिकायला लागलेले असताना, पारा चार-पाचवर आला आणि मग एकदम ऊन चढलं, की मणी तडकतात. दोन-तीन दिवसांत घडात हात घातला की कळतं. तडकलेला एक मणी सगळा घड नासवतो. जे तडकत नाहीत त्यांतले काही गुलाबी पडतात, पिंक बेरी म्हणतात त्याला. तो माल निर्यातीला चालत नाही. मणी गुलाबी पडू नयेत म्हणून आम्ही महिनाभर आधी घडाघडाला कागद लावलेले असतात, त्याची मजुरी वेगळी.

पहाटे पाणी कशासाठी, हे शहरातल्या माणसाला विचित्र वाटतं. थंडीत अजून ओलं करायचं? डिसेंबरात पहाटे विहिरीवर जाऊन पाहा. पाण्यातून वाफ निघत असते. विहिरीचं, बोअरचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी कोमट असतं. ते ठिबकमधून मुळाशी सोडलं की जमिनीला ऊब मिळते, आणि ओली जमीन दिवसाची उष्णता कोरडीपेक्षा जास्त धरून ठेवते. एवढ्यानेही वेलीजवळ थोडा फरक पडतो, आणि बाग वाचायला तो थोडासाच लागतो. हा काही माझा शोध नाही. नाशिक जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला इगतपुरीच्या संशोधन केंद्रातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. थंडी वाढली की त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं : पहाटे बागेत शेकोट्या कराव्यात, ठिबकने पाणी द्यावं. म्हणजे सरकारचं एक खातं सांगतं पहाटे पाणी द्या, दुसरं सांगतं पहाटे बाहेर पडू नका, आणि पाणी देता येईल की नाही हे ठरतं आपल्या खात्याच्या वेळापत्रकावर. म्हणून पत्र आपल्याला.

निफाडची थंडी कशी असते ते आपण पेपरात वाचलंच असेल. महाबळेश्वर आमच्यापेक्षा किती उंच, तरी अनेकदा तिथे आमच्याहून कमी थंडी असते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, गार हवा जड होऊन सखल भागात उतरते आणि गोदावरी-कादवेच्या या खोऱ्यात साचते. महाबळेश्वरातही वेण्णा तलावाच्या खोलगट भागात दवबिंदू गोठतात, तेव्हा वर गावात पारा बराच वर असतो. तिथल्या हिमकणांचे फोटो काढायला पर्यटक जातात. आमच्याकडे तसलं दव द्राक्षाच्या पानावर गोठतं. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा २ अंशांच्या खाली गेला होता. त्याच आठवड्यात, २९ डिसेंबरला, नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले. आमच्या थंडीचा आकडा गव्हाच्या केंद्रातून यावा याचं मला दर वर्षी हसू येतं. गहू तेव्हा खुशीत असतो.

थंडीची लाट जाहीर करायचे हवामान खात्याचे नियमही एकदा पाहा. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी उतरलेलं हवं, नाहीतर सरळ ४ अंशांवर आलेलं हवं. २ वर आलं तर तीव्र लाट. डोंगराळ भागाला शून्याची अट. तेही हवामान खात्याच्या एका उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. मग दुसऱ्या दिवशी लाट जाहीर. आमचा उपविभाग मध्य महाराष्ट्र, म्हणजे जळगावपासून कोल्हापूरपर्यंत. शास्त्र म्हणून नियम बरोबर असतील, मी वाद घालत नाही. पण बाग पहिल्याच रात्री जाते.

मात्र अंदाज त्याआधी येतात, आणि हल्ली बरे येतात. काश्मीर-हिमाचलात पश्चिमी झंझावात बर्फ टाकून गेला की मागून उत्तरेचे कोरडे वारे सुटतात. ते पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. टीव्हीवर मनालीत अडकलेल्या गाड्या दिसल्या की आमच्याकडे पाचटाची जमवाजमव सुरू होते. हाताशी दोन-तीन दिवस असतात. तेवढ्यात वेळापत्रक बदलता येणार नाही का?

माझी मागणी एवढीच. जिल्ह्याला थंडीचा यलो किंवा त्यावरचा इशारा आला, की द्राक्षाच्या पट्ट्यातल्या फीडरना, पाळी दिवसाची असली तरी, पहाटे तीन ते सहा लाईट द्या. ते तास दिवसातून कापलेत तरी आम्ही कुरकुर करणार नाही. आणि गहू, हरभरा, कांद्याच्या फीडरची रात्रीची पाळी तेवढ्या दिवसांपुरती दिवसाला आणा. कुठल्या फीडरवर काय पिकतं हे लाइनमनला तोंडपाठ असतं, त्यासाठी समिती नको. माझ्या अंदाजाने एका हिवाळ्यात अशा रात्री आठ-दहा, वाईट वर्षी पंधरा.

आपण म्हणाल, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना पूर्ण होऊ द्या, सगळ्यांना दिवसाच वीज मिळेल. होऊ द्या, आमचा नवरा देवाला नारळ फोडेल. पण मग पहाटेची लाईट कायमचीच गेली. सूर्य उगवायच्या आत सौर पॅनल काय देणार? द्राक्षवाल्यांची ही अडचण योजना लिहिताना कुणी मांडली होती का, मला शंका आहे. आताच तरतूद करून ठेवलीत तर पुढे धावपळ होणार नाही.

आणखी एक. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून मजूर थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, आणि कागद लावायला येतात आणि बागेतल्या शेडमध्ये राहतात. घरगुती लाईन शेतात नसते, शेतीची लाईट गेली की शेडमध्ये अंधार. मग दार लावून आत घमेल्यात निखारे ठेवतात. त्याच्या धुराने, आणि धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूने, झोपेतच माणूस दगावतो. मी दर वर्षी घमेलं बाहेर काढायला लावते आणि दर वर्षी रात्री ते परत आत जातं. थंडीच्या इशाऱ्यात हे एक वाक्य ठळक घाला, आणि जमलं तर अशा शेडना एका दिव्यापुरती तरी सिंगल फेज रात्रभर राहू द्या.

या आठवड्यात बागेला पुन्हा दिवसाची पाळी आहे. शुक्रवारच्या सल्ल्यात पारा उतरणार असं आहे. पाचट दोन ट्रॉल्या आणून ठेवलंय.

आपली,
निफाड तालुक्यातली एक द्राक्ष बागायतदार